केंद्र गप्प झालं की सर्व्हरनं स्वतःहून काय करावं?

वर्धाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आणि पलीकडे तिवसा-मोर्शीच्या बाजूला एका शेतकरी उत्पादक कंपनीची खरेदी केंद्रं आहेत. त्यांचं सॉफ्टवेअर मी गावातूनच सांभाळतो. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आलाय, म्हणून हा धागा.

मांडणी अशी आहे. प्रत्येक केंद्रावर लिनक्सचा एक छोटा डबा. त्याला वजनकाट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ केबलनं जोडलेला, शिवाय पावतीचा प्रिंटर आणि फोरजीचा डोंगल. वजन आधी डब्यातल्याच एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहिलं जातं, पावती निघते, आणि नेट मिळेल तशी ती नोंद क्लाउडमधल्या मुख्य सर्व्हरला जाते. टोकन मात्र मुख्य सर्व्हरच देतो. कोणत्या शेतकऱ्यानं कोणत्या दिवशी कुठल्या केंद्रावर माल आणायचा ते तिथं ठरतं.

आता कंपनीचं म्हणणं आहे की बिघाड आपोआप कळावा आणि आपोआप दुरुस्तही व्हावा. सर्व्हिस अडकली तर स्वतः उठावी. केंद्र बंद पडलं तर त्याची टोकनं शेजारच्या केंद्राकडे जावीत आणि शेतकऱ्याला मेसेज जावा. पहिला भाग जमेलसा वाटतो. दुसऱ्याची मला धास्ती आहे. आमच्याकडे लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो, डबा मात्र इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालू असतो आणि काटाही चालू असतो. मुख्य सर्व्हरला तिथून काही ऐकू येत नाही, एवढंच. किती वेळ ऐकू आलं नाही म्हणजे केंद्र बंद धरायचं? अर्धा मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास? ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलंय त्यांनी कृपया सांगा.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:१५

मी दर्यापूरचा, सध्या पुण्यात, आणि रोजचं काम हेच. तुमची धास्ती बरोबर आहे.

मेलेलं यंत्र आणि उशीर करणारं यंत्र दुरून सारखंच दिसतं, त्यामुळे कुठलाही आकडा ठेवा, तो कधी ना कधी चुकणारच. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी हे गणितात बांधून दाखवलं: निरोप पोचायला किती वेळ लागेल याला हद्दच नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर सगळ्या यंत्रांचं एकमत दर वेळी हमखास घडवेल अशी ठरीव पद्धत निघूच शकत नाही. पुढे १९९६ मध्ये चंद्रा आणि तुएग यांनी बिघाड ओळखणारा चुकणार हे गृहीत धरूनच काम कसं चालवता येतं ते मांडलं. कॅसँड्रा डेटाबेस याच वाटेनं जातो. एखाद्या नोडचे, म्हणजे जाळ्यातल्या एका यंत्राचे, हार्टबीट (‘मी चालू आहे’ असे ठरावीक निरोप) आजवर किती अंतरानं येत होते ते तो पाहतो, आणि उशीर होत जाईल तसा संशय वाढवत नेतो. संशयाचा हा आकडा, ज्याला फाय म्हणतात, ८ च्या वर गेला की मगच त्या नोडला बाद धरतो. ८ ही मुळातली सेटिंग आहे, ती बदलता येते. तुमच्या केंद्रांना ही पद्धत लागू पडेल, कारण गावागणिक नेटची चाल वेगळी. मोर्शीच्या केंद्राचं दहा मिनिटं गप्प राहणं ही चिंतेची गोष्ट असेल आणि डोंगराकडच्या केंद्राला ते रोजचंच असेल.

पण वेळेच्या आकड्यात फार अडकू नका. अंदाज चुकणार हे मान्य केलं, की प्रत्येक आपोआप कृतीबद्दल एकच गोष्ट विचारायची उरते: अंदाज चुकलेला असताना ही कृती झाली तर काय बिघडेल? सर्व्हिस अडकलेली नव्हती आणि तरी रिस्टार्ट झाली, तर दोन-चार सेकंद गेले. केंद्र चालू होतं आणि तरी टोकनं हलवली, तर शेतकऱ्याचा भरलेला ट्रॅक्टर भलत्या गावाला जातो. पहिली कृती मशीनकडे द्या. दुसरी देऊ नका, कंपनी कितीही म्हणो.

वर्धाकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

पटलं. पण कंपनीच्या लोकांचा प्रश्न असा असतो की एवढ्या मोठमोठ्या कंपन्या फेलओव्हर, म्हणजे एक बंद पडलं की दुसऱ्याकडे काम सोपवणं, आपोआप करतात, मग आपण का नाही? त्यांना दाखवायला एखादं ठोस उदाहरण आहे का?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:३०

आहे, आणि ते तुमच्याच अडचणीचं आहे. गिटहब (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती साइट), ऑक्टोबर २०१८. त्यांनी स्वतः सविस्तर लिहून जाहीर केलंय.

२१ ऑक्टोबरला, आपल्याकडे २२ ची पहाट होती, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १०० जीच्या ऑप्टिकल उपकरणाचं नेहमीचं देखभालीचं काम चालू होतं. त्यात त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा बाहेरच्या नेटवर्कशी संबंध तुटला. किती वेळ? ४३ सेकंद. डेटा सेंटर जिवंत, मायएसक्यूएल डेटाबेसचे मुख्य सर्व्हर जिवंत, त्यांच्यावर नोंदीही पडत होत्या. पण फेलओव्हर सांभाळणारा ऑर्केस्ट्रेटर बाहेरून बघत होता. पश्चिम किनाऱ्यावरचे आणि पूर्वेच्या क्लाउडमधले त्याचे साथीदार मिळून बहुमत झालं, त्यांनी ठरवलं की मुख्य डेटा सेंटर गेलं, आणि पश्चिमेकडचे सर्व्हर मुख्य म्हणून बसवले. नेमून दिलेलं काम त्यांनी चोख केलं. ४३ सेकंदांनी जुना रस्ता परत आला तेव्हा दोन्हीकडे अशा नोंदी होत्या ज्या दुसरीकडे नव्हत्या. पूर्वेकडच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला कधी पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेवर तोवर नव्या नोंदींचा ढीग पडत होता. कुणाला खरं धरायचं? माहिती न गमावता हे जुळवता जुळवता सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. नंतर त्यांनी जे बदल केले त्यातला एक असा की ऑर्केस्ट्रेटरनं आपल्या प्रदेशाच्या बाहेरचा सर्व्हर मुख्य म्हणून बसवायचा नाही.

तुमचे डोंगल ४३ सेकंद रोजच गप्प होत असतील. कंपनीला एवढंच विचारा: चालू केंद्राच्या आणि शेजारच्या केंद्राच्या नोंदी एकमेकींत अडकल्या, तर मोसमाच्या गर्दीत त्या सोडवत कोण बसणार?

काटाघर | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी अशाच एका खरेदी केंद्रावर बसते, दुसऱ्या संस्थेच्या. वर्धाकाठ दादा, तुम्ही विचारलं हे फार बरं केलं, नाहीतर हे सगळं आमच्या अंगावर येतं.

मागच्या हंगामात आमच्याकडे असलं आपोआप टोकन हलवायचं सुरू झालं होतं. दुपारची वेळ, बाहेर ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत, काट्यावर एक ट्रॉली चढलेली, इंडिकेटरवर आकडा स्थिर झालेला, मी पावती काढतेय. लाइट जाऊन बराच वेळ झाला होता पण इन्व्हर्टरवर सगळं सुरू होतं. डोंगलचा दिवा तेवढा लाल. रांगेतल्या एका काकांच्या मोबाइलला दुसऱ्या कंपनीची रेंज होती, त्यांना मेसेज आला: केंद्र बंद, आपलं टोकन अमुक गावी. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. झालं. अर्धी रांग तिकडं निघाली, अर्धी माझ्या खिडकीशी. मी ओरडून सांगतेय की काटा सुरू आहे, वजन करून देते, पण मोबाइलमध्ये लिहून आलेलं लोक खरं धरतात. जे तिकडं गेले त्यांच्यासाठी तिथं बारदाना नव्हता, हमाल नव्हते. संध्याकाळी ते परत आले. सोयाबीन उघड्या ट्रॉलीत आणि आभाळ भरून आलेलं. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

केंद्र बंद आहे की नाही हे मला माहीत असतं. मला कुणी विचारलंच नाही. फोन लागत नसेल तर गावात चार जणांचे नंबर असतात, पोलीस पाटलांचा असतो. एक फोन करायला काय हरकत होती?

फीडर११ | मंगळवार, रात्री ८:२०

नातू हा धागा वाचून दाखवत होता, त्याच्याच हातून लिवून घेतो. कम्प्युटरमधलं मले समजत नाही, पन उभी नोकरी लाइनवर गेली. तुमी जे बोलून राहिले ते आमी वावरात पाह्यलं हाय.

शेतीच्या फीडरले थ्री फेज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनले लाइट येते. थंडी, साप-इचूचं भेव. मोटर चालू कराले कोन जाईन? म्हनून शेतकरी स्टार्टरले ऑटो लावते. त्याचंबी चुकत नाही. पन एका डीपीवर, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवर, धा मोटरी असन आनि धाहीले ऑटो असन, तं लाइट आल्याबरोबर धाही एकदम उचलते. पाच एचपीची मोटर चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, उचलताना त्याच्या पाच-सहा पट. ६३ केव्हीएची डीपी पूर्न लोडले ८४ अँपिअरची. धा मोटरी एक-एक करून चालू केल्या तं ते झेपवते. धाही एका झटक्यात उचलल्या तं गोष्ट चारशेच्या घरात जाते. फ्यूज उडते, पुन्हा टाकला पुन्हा उडते, मंग कोनी जाड तार टाकते आनि डीपीच जळते. लाइट आली तेच लाइट घेऊन गेली. ऑटो काढा, कपॅसिटर लावा, असं आमी गावोगाव सांगत फिरलो ते याच्याचसाठी.

दुसरी गोष्ट. सबस्टेशनात फीडर ट्रिप झाला की ऑपरेटर एक ट्रायल घेते, म्हंजे एकदा पुन्हा चालू करून पाह्यते. फांदी घासली असन, पाखरू बसलं असन, तं ते निंगून जाते आनि लाइन उभी राह्यते. पन ट्रायलवर पुन्हा उडाला, तं लाइन पाह्यल्याबिगर चार्ज करत नाही. तार तुटून वावरात पडली असन आनि तिथं बैल असन, मानूस असन. उजेड असो का अंधार, मानूस पाठवाच लागते.

तिसरी सगळ्यात मोठी. लाइनवर मानूस चढला असन तं त्यानं परमिट घेतलेलं राह्यते. ज्यानं घेतलं त्यानं वापस केल्याशिवाय कोनीबी स्विच टाकत नाही. साहेब असला तरी नाही. तुमच्या मशीनीले हे माहीत राह्यते का, का डब्यावर आत्ता मानूस काम करून राहिला?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:४०

काका, नमस्कार. तुम्ही जे तीन सांगितलं त्यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं काम चाललंय.

ऑटो स्विचचं आधी घेतो, कारण वर्धाकाठ भाऊंना ते उद्याच लागेल. टॉवर परत आला की त्या भागातली सगळी केंद्रं एकाच क्षणी जोडणी मागणार आणि साठलेल्या नोंदी एकदम ढकलणार. सर्व्हर दमला की उत्तर उशिरा, उशीर झाला की डबा पुन्हा पाठवणार, म्हणजे दमलेल्यावर आणखी ओझं. म्हणून प्रत्येक प्रयत्नानंतर थांबायची वेळ दुप्पट करत न्यायची, तिला वरची हद्द ठेवायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या हद्दीच्या आत प्रत्येक डब्यानं आपली वेळ यादृच्छिक निवडायची. दुप्पट करणं एकट्यानं पुरत नाही. सगळे एकाच वेळी पडले असतील तर दुप्पट करूनही सगळे एकाच वेळी उठतील.

ट्रायलचं. कुबरनेटिस (बऱ्याच यंत्रांवर प्रोग्राम चालते ठेवणारं सॉफ्टवेअर) पडलेला कंटेनर, म्हणजे त्यातला एक प्रोग्राम, उठवताना १० सेकंद थांबतो, मग २०, मग ४०, असं करत ५ मिनिटांपर्यंत जातो, आणि कंटेनर १० मिनिटं नीट चालला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पण तो हार मानत नाही, तिथंच फिरत राहतो. तुमच्या डब्यावर सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, असेल. त्यात मुळातच १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून पाहिलं की पुढे सुरू करायचं थांबतो. मात्र रिस्टार्टमधलं अंतर वाढवलंत तर ही मर्यादा कधीच लागू होणार नाही, म्हणून दोन्ही आकडे एकत्र बदला. आणि थांबला की अलर्ट गेलाच पाहिजे, नाहीतर थांबलेला डबा कुणाच्या लक्षातही येणार नाही.

परमिटवर नंतर लिहितो. त्यावर माझं काकांपेक्षा थोडं वेगळं मत आहे.

संत्राबाग | बुधवार, सकाळी ९:१०

एक शंका. आजकाल एआय लावून बिघाड आधीच ओळखतात म्हणे. आमच्या बागेतल्या सेन्सरवाल्यांनीही तसं सांगितलं. इथं ते का नको?

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:००

नको असं नाही, ओळखायला मदत होते. पण नेहमीचं काय हे मॉडेल जुन्या माहितीवरून शिकतं. पावसाळाभर काटा रिकामा, मग सोयाबीन आलं की एका आठवड्यात नोंदी कितीतरी पट. मॉडेलला तोच बिघाड वाटेल. नंतर तुरीच्या वेळी पुन्हा तेच. निदान दोन-तीन हंगामांची माहिती हाताशी असू द्या, आणि तोवर त्याला फक्त बोट दाखवू द्या, हात लावू देऊ नका.

वर्धाकाठ | बुधवार, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. काटाघर ताई, तुमचं वाचून टोकन हलवायचा कोड काढूनच टाकला. आता जे ठरवतोय ते सांगतो, चुकत असेल तर बोला.

डब्यावरचं सगळं डब्यावरच. काट्याची सर्व्हिस जिवंत आहे का हे ओळखायला मी शेवटची पावती कधी निघाली ते बघणार होतो, पण दुपारी गाडीच आली नाही तर उगाच रिस्टार्ट होईल. आमचा इंडिकेटर रिकाम्या काट्यावरही सतत शून्य पाठवत असतो, तो प्रवाह थांबला का तेवढंच बघतो. नेट आहे का, मुख्य सर्व्हर दिसतो का, हे त्या तपासणीत घेतच नाही. नेट गेलं म्हणून काट्याची सर्व्हिस रिस्टार्ट करण्यात काही अर्थ नाही. पूर्ण डबाच गोठला तर हार्डवेअर वॉचडॉग तो रिस्टार्ट करेल.

मुख्य सर्व्हरवर तीन स्थिती: सुरू, ऐकू येत नाही, बंद. पहिल्या दोन सर्व्हर स्वतः लावेल. ‘बंद’ फक्त केंद्रावरचा माणूस किंवा त्याच्याशी फोनवर बोललेला माणूस लावेल. पावतीच्या नंबरात केंद्राचा कोड आहेच, त्यामुळे दोन केंद्रांचे नंबर कधी एक होणार नाहीत.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ९:५०

छान. दोन गोष्टी घाला. लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे विचारणारी सोय) मुळात २ तासांनी पहिली चौकशी करतो, तीही तो चालू केला असेल तर. डोंगल मधेच गेला तर जोडणी तासन्‌तास जिवंत असल्यासारखी दिसेल. त्यामुळे हार्टबीट तुमच्या ॲपमधूनच पाठवा आणि उत्तर आलं नाही तर जोडणी तोडून नवी करा.

दुसरी: एकदम अर्ध्याहून जास्त केंद्रं गप्प दिसली तर सगळ्या आपोआप कृती गोठवा आणि आधी स्वतःचं नेट तपासा. सगळेच आजारी दिसतात तेव्हा बहुधा बघणाऱ्याच्या डोळ्यात काहीतरी गेलेलं असतं. कुबरनेटिसमध्ये एका झोनचे, म्हणजे एका गटातले, ५५ टक्के नोड बिघडलेले दिसले की तो कामं हलवायचा वेग कमी करतो, आणि लहान क्लस्टर (यंत्रांचा समूह) असेल तर हलवणं थांबवतोच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास गेलं होतं, आठवत असेल. देखभालीच्या एका कमांडनं त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं. मग त्यांच्या प्रत्येक डीएनएस सर्व्हरला (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) डेटा सेंटर दिसेना, म्हणून प्रत्येकानं नियमाप्रमाणे स्वतःला आजारी ठरवलं आणि इंटरनेटवरून आपला पत्ता काढून घेतला. एकट्यादुकट्यासाठी तो नियम चांगला होता. सगळ्यांनी मिळून पाळला आणि फेसबुकचा पत्ताच नाहीसा झाला.

आता परमिट. डब्यावर माणूस काम करत असताना आपोआप दुरुस्ती बंद राहावी, हे शंभर टक्के मान्य. पण माझा अनुभव असा की लोक बंद करतात आणि परत चालू करायला विसरतात. म्हणून आम्ही त्याला मुदत घालतो. चार तासांनी आपोआप चालू.

फीडर११ | गुरुवार, सकाळी ७:३०

नाही जमत, बाप्पा. चार तासानं मानूस खांबावरच असन तं? परमिट घड्याळ पाहून वापस होत नाही. उशीर झाला तं सबस्टेशनातून विचारपूस होते, मानूस जाते, पन स्विच टाकत नाही.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८:१५

काका, डब्यावर जीव जात नाही, म्हणून आम्हाला ती मोकळीक आहे. पण इथं मशीनच्या पलीकडे ट्रॉली चढलेला काटा आहे, एवढं खरं. दुरुस्ती चालू असताना मधेच सर्व्हिस उठून अर्धवट वजन पावतीवर आलं तर तो शेतकऱ्याचा पैसा आहे. काट्याच्या सर्व्हिसपुरतं तुमचं म्हणणं घेतो. बाकी लॉग पाठवणं, नोंदी ढकलणं यांना मुदत चालेल.

काटाघर | गुरुवार, सकाळी १०:४०

ते परमिट घेणं-देणं केंद्रावर बसणाऱ्याच्या स्क्रीनवर द्या, दादा. टेक्निशियन येतो, डबा उघडतो, निघून जातो. तो गेला हे आमच्यासारख्यांनाच दिसतं.

वर्धाकाठ | गुरुवार, रात्री ८:४५

दिलं, ताई. केंद्राच्या स्क्रीनवर ‘दुरुस्ती सुरू’ असं बटण येईल, दाबणाऱ्याचं नाव घेईल आणि त्याच नावानं सुटेल. काट्याच्या सर्व्हिसला मुदत नाही. चार तास झाले की मला आणि केंद्रावरच्या माणसाला फोन जाईल, बाकी काही होणार नाही. डबा मधे बंद होऊन परत सुरू झाला तरी परमिट टिकावं म्हणून ते एसक्यूलाइटमध्येच लिहितोय. रिट्रायमध्ये यादृच्छिक थांबणं घातलंय. शनिवारी दोन केंद्रांचा डोंगल मुद्दाम काढून बघणार आहे, लाइट नसताना.